मंद नाडी आणि पासष्टीचा रेकॉर्ड

मला एका जागी बसता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात आजाराइतकाच या खोडीचाही हात आहे. भाजी मी उभ्यानं निवडते. टीव्ही बघताना माझा पाय हलत असतो. लग्न होऊन धुळ्याकडून सुरतेला आले तेव्हापासून आमचे हे, म्हणजे माझे यजमान, दिवसातून एकदा तरी म्हणायचे, "एक जागे बठ ना वं!" घरात आम्ही अहिराणीच बोलतो, बठ म्हणजे बस. यांची सगळी नोकरी यंत्रमागांच्या खडखडाटात गेली, त्यामुळे यांना कमी ऐकू येतं, आणि कमी ऐकू येतं म्हणून हे स्वतः ओरडून बोलतात. आमच्या भागात, अख्ख्या भेस्तानला माझी खोडी ठाऊक आहे.

पन्नाशीच्या आसपास कंबर धरायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, रोज चाला. मी मैदानावर जाऊन चालायला लागले आणि आठवड्यात कंटाळले. चालण्यात काय आहे? तिथं सगळ्या बायका साडीवर बूट घालून गप्पा मारत चालायच्या. एकच बाई पळत होती. ती हंसाबेन. माझ्यापेक्षा थोडी मोठी, काटकुळी, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. मी एक दिवस तिच्या मागे पळाले. ती वळून बघेना, मी थांबेना. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली, आणि वैरही.

तिनंच मला ज्येष्ठांच्या स्पर्धांना नेलं. आमचा प्रकार पाच हजार मीटरचा, मैदानाच्या साडेबारा फेऱ्या. या खेळाची एक गंमत आहे. दर पाच वर्षांनी वयाचा गट बदलतो. साठ ते चौसष्टचा एक गट, पासष्ट ते एकोणसत्तरचा दुसरा, असं पुढे. त्यामुळे बाकीच्या बायका वय लपवतात आणि आम्ही जन्माचा दाखला पर्समध्ये घेऊन फिरतो. चौसष्टाव्या वर्षी तुम्ही गटातल्या म्हाताऱ्या असता आणि पासष्ट पूर्ण झाली की नव्या गटातल्या पोरी. आम्हाला म्हातारं व्हायची घाई असते.

आमच्या राज्यातल्या रेकॉर्डची कहाणी जुन्या बायका सांगतात. पहिला रेकॉर्ड जिच्या नावावर लागला ती एकटीच उभी राहिली होती, आणि मधल्या दोन फेऱ्या चालत गेली. तरी रेकॉर्ड तो रेकॉर्ड. मग दुसरी आली, ती चालली नाही, म्हणून रेकॉर्ड सुधारला. तिसरीनं चपला सोडून बूट घातले, पुन्हा सुधारला. मग हंसाबेन आली आणि तिनं सगळ्यांना मागे टाकलं. वयानं मोठी असल्यामुळे नव्या गटात ती आधी जायची, तिथं आपला रेकॉर्ड लावायची, आणि तीनेक वर्षांनी मी मागून जाऊन तो मोडायची. पन्नाशीचा मोडला, पंचावन्नचा मोडला, साठीचाही मोडला. आता पासष्टीचा तिच्या नावावर होता आणि थंडीतल्या स्पर्धेच्या जरा आधी मला पासष्ट पूर्ण होणार होती. त्या वर्षी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

*

आमच्या मैदानावर एक रीत होती. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची आणि मैदानावर येऊन एकमेकींना सांगायची. ज्याचं हृदय कसलेलं असतं त्याचे ठोके कमी असतात, हे आम्हाला कुणीतरी सांगितलं होतं आणि ते खरंही आहे. मग काय, ठोक्यांची चढाओढच लागली. हंसाबेनचे सगळ्यांत कमी. माझे तिच्याहून थोडे जास्त, आणि ते मला सलायचं.

त्या उन्हाळ्यात माझे ठोके उतरायला लागले. आधी हंसाबेनच्या बरोबरीला आले, मग तिच्याही खाली गेले. पावसाळा सरता सरता तर चाळिशीच्या खाली. मला आकाश ठेंगणं झालं! पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले.

"सुमनबेन, तमे शुं खाओ छो?" हंसाबेननं विचारलं.

"कळण्याची भाकरी," मी ऐटीत सांगितलं.

बिचारीनं ज्वारी-उडदाचं पीठ माझ्याकडून मागून नेलं आणि महिनाभर भाकऱ्या थापत बसली. तिच्या घरचे वैतागले.

आता लिहिताना मलाच माझा राग येतो. कारण एकीकडे ठोके उतरत होते आणि दुसरीकडे माझे पाय जड होत होते. तिसऱ्या-चौथ्या फेरीत दम जायचा. वळणावर डोळ्यांपुढे अंधारी यायची. मी म्हणायची, ऊन आहे. नवरात्रात म्हणाले, उपास आहेत. एकदा कणीक मळता मळता मी खाली बसले. हे दारातून बघत होते. "आज कशी बठनी?" यांनी विचारलं. मी बसले याचंच यांना नवल वाटलं. मी उठून पोळ्या लाटायला घेतल्या आणि विषय संपवला.

धावणाऱ्या बायकांसाठी एवढंच सांगायचं म्हणून मी हे सगळं लिहितेय. सकाळी नाडी मंद असणं चांगलं, पण धावून आल्यावर ती वाढलेली हवी. आम्ही फक्त सकाळी मोजायचो. धावून आल्यावर कुणी मोजतच नव्हतं, कारण त्याची बढाई मारता येत नाही. माझी नाडी धावल्यावरही तिथंच होती, बैलगाडीच्या चालीनं चाललेली, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

*

दिवाळी होऊन गेली होती. हातगाडीवर वांगी घेत होते. भाजीवाल्याशी भाव करताना त्याचा चेहरा एकदम लांब गेला आणि पुढे काही आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी रस्त्यावर होते, पदरात वांगी होती आणि लोक पाणी मारत होते. मी लगेच उठून घरी चालू लागले. भाजीवाल्यानंच मुलाला फोन केला.

आमचा सुनील हजीऱ्याला एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. त्या दिवशी त्याची सुटी होती. त्यानं मला आणि यांना रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं. छातीला तारा लावून कागद काढला. तो कागद बघणाऱ्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंना मी आधीच सांगून टाकलं, "माझे ठोके कमीच असतात. मी धावपटू आहे."

त्या हसल्या नाहीत. त्यांनी मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते आले, कागद दोनदा बघितला आणि हिंदीत म्हणाले, "माजी, आप अभी इस बेड से नीचे नहीं उतरेंगी. बाथरूम भी नहीं."

मला वाटलं, हे काय नवीन! मग त्यांनी समजावलं. हृदयाचा वरचा भाग ठीक काम करतोय, वेळेवर हुकूम सोडतोय. पण तो खालच्या भागापर्यंत पोहोचत नाही. खालचा आपल्या मनानं, सावकाश, कसाबसा चाललाय. कधीही थांबू शकतो. पेसमेकर नावाचं छोटं यंत्र बसवावं लागेल, आणि ते लगेच.

हे माझ्या उशाशी उभे होते. सुनीलनं सगळं यांच्या कानात ओरडून सांगितलं, त्यामुळे सगळ्या वॉर्डाला माझा आजार कळला. हे स्वतःच्या कानाला बोट लावून म्हणाले, "मन्हा कानगत व्हयनं म्हन!" माझ्या कानासारखं झालं म्हणे. मला हसू आलं आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. इतका वेळ मी घाबरलेली होते हे मला तेव्हा कळलं.

*

स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. मी डॉक्टरांना म्हटलं, मशीन बसवा, माझी ना नाही, पण स्पर्धेनंतर. त्यांनी विचारलं, "आप समझ रही हैं ना?" मी म्हटलं, समजतंय. पासष्टी एकदाच येते. पुढच्या वर्षी मी सहासष्टची असेन, पाय आणखी जड होतील. सुनील चिडला. "आई, हवे बस! पुरे झालं तुझं धावणं. आता परत मैदानाचं नाव काढायचं नाही." तो चिडला की गुजराती आणि मराठी एकमेकांत मिसळतं. मीही चिडले. सही करून घरी जाते म्हटलं. तो बाहेर निघून गेला आणि जाताना दार जोरात लावलं.

तो दिवस मी कसा काढला माझं मला माहीत. छातीवर तारा, बोटाला चिमटा, हाताला सलाईन, आणि उठायचं नाही. लघवीलासुद्धा भांडं. उशाशी पडद्यावर हिरवी रेघ चाललेली, आणि मी कूस बदलली की ती वेडीवाकडी होऊन यंत्र बोंबलायचं. सिस्टर धावत यायची. "मासी, हलू नका ना!" ती गेली की मी डोळे मिटून मैदानावर जायची. पहिली फेरी, दुसरी फेरी. चादरीखाली माझा उजवा पाय चालूच. शेजारच्या खाटेवरच्या आजी म्हणाल्या, "बेन, तुमचा पाय बघून मलाच दम लागतो."

हे पायथ्याशी स्टुलावर बसलेले. "पाय नको हालवू," हे म्हणायचे. मी थांबवायची, आणि पाय पुन्हा सुरू.

हंसाबेन दुपारी खाकऱ्याचा डबा घेऊन आली. मी तिला माझ्या मनातली खरी भीती सांगितली, जी मुलाला सांगितली नव्हती. "छातीत मशीन घेऊन धावले आणि उद्या तुझा रेकॉर्ड मोडला, तर तो माझा की मशीनचा?"

तिनं नाकावरचा चष्मा काढून माझ्यापुढे धरला. "हा लावून मी छापुं, पेपर वाचते. मग ते छापुं चष्म्यानं वाचलं की मी?"

"चष्मा आणि हृदय सारखं कसं?"

"तमे बहु जिद्दी छो," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "रेकॉर्ड क्यां भागी जवानो छे? तमे रहो एटले थयुं." रेकॉर्ड कुठं पळून जातोय, तुम्ही राहिलात म्हणजे झालं. मला तिचं रडणं आवडलं नाही. वैरीण रडली की आपलं बळ जातं.

ती गेल्यावर मी पुन्हा डोळे मिटले. सहावी फेरी असेल. वळण आलं, आणि तिथं उजेड विझला.

पुढचं मला इतरांनी सांगितलं. यंत्र बोंबलत होतं, पण त्या दिवशी ते सारखंच बोंबलत होतं, आणि सिस्टर पलीकडच्या खोलीत एका रुग्णाला सुई लावत होती. यांना तर ते ऐकूच येत नव्हतं. पण यांची नजर चादरीवर होती. चादर हलायची थांबली. जन्मभर ज्या पायाला थांब म्हणाले तो पाय थांबला, आणि हे स्टूल पाडून उठले, आणि एवढ्या मोठ्यानं ओरडले की खालच्या मजल्यावरून लोक धावत आले.

मी शुद्धीवर आले तेव्हा छातीवर कुणीतरी दाब दिल्यासारखं दुखत होतं. डॉक्टर, दोन सिस्टर, कुणीतरी गळ्याजवळ काही करत होतं. आणि पायथ्याशी हे, माझं पाऊल दोन्ही हातांनी धरून, लहान मुलासारखे रडत. "पाय हालव! हालव ना वं!"

मी अंगठा हलवला.

मग मी डॉक्टरांना म्हटलं, बसवा काय बसवायचं ते. स्पर्धा त्या क्षणी मनातून गेली. परत आली, पण त्या क्षणी गेली होती.

*

पेसमेकर बसवायला फार वेळ लागला नाही. भूल फक्त तेवढ्या जागेची होती, मी सगळं ऐकत होते. डाव्या बाजूला हासळीच्या हाडाखाली आता एक उंचवटा आहे, सुपारीच्या डबीएवढा. यापुढे धावणार ती मी की मशीन, असं मी डॉक्टरांना टेबलावर पडल्या पडल्याच विचारलं. ते मास्कच्या आडून म्हणाले, "मशीन नहीं दौड़ेगी, माजी. वो सिर्फ़ ऊपर का संदेसा नीचे पहुँचाएगी. दौड़ना आपको ही पड़ेगा." हंसाबेनला जे समजावता आलं नाही ते या एका वाक्यात समजलं.

घरी आले आणि खरा त्रास सुरू झाला. डावा हात काही आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, नाहीतर आतली तार सरकते. धावणं तर सोडाच. सुनीलनं माझे बूट माळ्यावर टाकून दिले होते. माझा हात तिथं पोहोचणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायची, भांडी लावलेली पुन्हा लावायची, सुनेवर उगीच खेकसायची. ती बिचारी एकदा म्हणाली, "आई, तुम्ही आजारी असताना बऱ्या होता." मला राग यायला हवा होता, पण ती बरोबर होती.

केस विंचरता येत नव्हते. सुनेला सकाळी डब्यांची घाई. एक दिवस हे कंगवा घेऊन मागे बसले. मागावर सूत तुटलं की क्षणात गाठ मारून जोडायचं, यात यांची उमर गेली. त्या बोटांनी माझी अशी काही वेणी घातली की शेजारणी विचारायला लागल्या. वेणी घालून होईपर्यंत मला बसावं लागायचं. दिवसभरात मी बसायची ती तेवढीच. आणि एक गोष्ट माझ्या हळूहळू लक्षात आली. दवाखान्यातून आल्यापासून हे मला "एक जागे बठ" म्हणालेच नव्हते. माझा पाय हलत असला की हे नुसते बघत राहायचे.

उन्हाळ्यात डॉक्टरांनी तपासलं आणि हळूहळू धावायला परवानगी दिली. सुनील म्हणाला, डॉक्टर काहीही सांगू देत. त्याची भीती मला कळत होती. दवाखान्यात त्या दुपारी तो दार आपटून गेला होता आणि परत आला तेव्हा आई यंत्रांच्या गराड्यात होती. त्याला समजावणं माझ्यानं झालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर उंबऱ्याजवळ बूट होते, धूळ पुसलेले. हे खाटेवर पाठ करून पडले होते. झोपले नव्हते.

*

स्पर्धा पुढच्या थंडीत झाली, सुरतेतच. तोवर आमच्या मैदानावरची रीत बदलली होती. मी सगळ्या बायकांना एकेक करून धरून नेऊन छातीचा कागद काढायला लावला होता. हंसाबेनचं हृदय अगदी ठणठणीत निघालं. तिचे ठोके कसलेल्या हृदयाचेच होते, अस्सल. मला आनंद झाला, आणि थोडा जळफळाटही झाला, खोटं कशाला बोलू.

त्या सकाळी हे पहिल्यांदाच मैदानावर आले. इतक्या वर्षांत कधी आले नव्हते. शेवटच्या वळणावर, कठड्याला धरून उभे राहिले.

सुरुवात बरी झाली. पण माझ्या मशीनला ठोक्यांची वरची एक मर्यादा आहे. तिच्या खाली राहून पळालं तर सगळं सुरळीत. वर गेलं की पायातली ताकदच निघून जाते. सरावात मी ते शिकले होते, पण बंदूक वाजली की शिकलेलं कोण लक्षात ठेवतं? चौथ्या फेरीपर्यंत मी हंसाबेनच्या मागे होते. मग पाय गेले. ती पुढे गेली, आणखी पुढे गेली, आणि थोड्या वेळानं मागून येऊन मला ओलांडूनही गेली. ती एवढी सुंदर पळत होती की मला दिसत होतं, ही आज आपलाच रेकॉर्ड सुधारणार. मी दवाखान्यातून उठून इथवर आले, आणि हिनं तो आणखी लांब नेऊन ठेवला!

त्यानंतर माझ्यात काही उरलं नाही. रेकॉर्ड गेला होता. फेऱ्या मात्र शिल्लक होत्या. मी चालायला लागले. शेवटच्या वळणावर कडेला हिरवळ होती, दहिवर पडलेली. आणि आयुष्यात पहिल्यांदा मला बसावंसं वाटलं. नुसतं बसावं, आणि कुणी ऊठ म्हणू नये. मी कठड्यापलीकडे यांच्याकडे बघितलं आणि हातानंच खूण केली, बसते.

यांनी दोन्ही हात वर केले आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडले,

"बठू नको! पय!"

पय म्हणजे पळ. मला वाटतं त्या मैदानावर अहिराणी समजणारी मी एकटीच असेन, पण सगळ्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मी पळाले. मर्यादेच्या खाली राहून, सावकाश, एकेक फेरी. सगळ्यात शेवटी पोहोचले. हंसाबेन रेघेपाशी थांबली होती, तिचा नवा रेकॉर्ड पुकारून झाला होता. "पुढच्या वर्षी मी सत्तरीच्या गटात जाते," ती म्हणाली. "हा तुमच्यासाठी ठेवलाय."

मी काही बोलायच्या आत हे कठडा ओलांडून आले. माझं मनगट धरलं. आमच्या घरात नाडी मोजायची ती मीच. यांनी कधी बोट लावलं नव्हतं. पण बोटं यांची पहिल्यापासून शहाणी. डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. मी धापा टाकत होते, घाम टपकत होता, आणि यांच्या बोटांखाली काय चाललंय ते मलाही आतून कळत होतं.

"पयी राहिनं," हे म्हणाले. पळतंय.

मग मी खाली हिरवळीवर बसले.